एकाहत्तराव्या खेपेची काजळी

पांढुर्णा
१८ जानेवारी १९८७

मनोहर,

अक्षर केशवराव गुरुजींचं आहे, बोलणं माझं आहे. दुसऱ्याचं अक्षर पाहून घाबरू नको, मी जिती आहो. मेली असती तर शालिकरामानं स्वतः कळवलं असतं, आणि तुझ्या भावाचं पत्र दोन ओळींच्या वर गेलं नसतं.

पोस्टातल्या कारकुनाकडून लिहून घेऊन तुले तीन कार्डं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. पहिल्याच्या वेळी म्हटलं, पोट्टं कामात असेल. दुसऱ्याच्या वेळी म्हटलं, पोस्टमन आळशी. आता चौथ्या वेळी पोस्टमनवर किती ढकलू? रोज त्याच्यासमोरून जाते मी, त्याले राम राम करायची लाज वाटते.

घरी तुझ्या वहिनीनं, इंदूनं लिहून दिलं असतं, पण घरात तुझं नाव निघत नाही. शालिकरामानं तुझा बी.एस्सी.चा फोटो भिंतीवरून काढला. खिळा ठेवला. त्यावर आता इंदू भाजीची पिशवी अडकवते. म्हून मी गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसली. माणूस चांगला, पण त्यांची बायको विचारते आणि त्यांले सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेही लिहा गुरुजी. लिहिलं का? लिहिलं म्हणतात.

घरात सगळ्यांले ठाऊक आहे ते एवढं. तुझ्या पुतणीच्या, स्मिताच्या नाव ठेवायच्या दिवशी माझ्या डबीतलं काजळ तिच्या उजव्या डोळ्यात घातलं. त्या काजळात तुझ्या प्रयोगशाळेतली काळी भुकटी होती. ती तू आजीले न सांगता डबीत मिसळली, असं तू तुझ्या तोंडानं सगळ्यांपुढं कबूल केलं. शालिकरामानं तुझ्या कानाखाली वाजवली, तू पिशवी उचलली आणि पुण्याची गाडी धरली. त्याले आता दोन महिने होऊन राहिले.

एक गोष्ट तुले ठाऊक नसेल, किंवा माझ्या आधीच ठाऊक असेल. शालिकरामानं तुझ्या पुण्याच्या संस्थेत तक्रारीचा अर्ज केला. त्यात लिहिलं की माझ्या तान्ह्या पोरीच्या डोळ्यावर याने प्रयोग करून पाहिला. संस्थेचं उत्तर आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं. सोळा मार्चले समिती बसणार, तोवर तुझी शिष्यवृत्ती बंद, आणि घरच्या कोणाले काही सांगायचं असेल तर त्यानं लेखी पाठवावं. तू दोषी ठरला तर परत कोणत्याही प्रयोगशाळेच्या भट्टीजवळ तुले कोणी उभं करणार नाही, असं गुरुजी म्हणतात.

तुमचे मायबाप गेल्यावर दोघांले मी वाढवलं. तुम्ही कधी भांडले नाही असं नाही. पण भाकरीवरून भांडले, बॅटवरून भांडले. असे नाही भांडले.

तुझ्या त्या कामाचं मी गुरुजींले समजावून सांगितलं. हसू नको. मी म्हटलं, गुरुजी, आगीत वितळत नाही अशी काचेची नळी असते. ती मनोहर भट्टीत ठेवते. नळीत लोखंडाची अशी भुकटी, की फुंकर मारली तर दिसणार नाही. मग कापराची वाफ सोडते. कापराची काजळी होते, आणि लोखंडाच्या एकेका कणावर तिचा काळा केस उगवतो. आपल्या डोक्याचा केस उभा हजारदा चिरला तर जेवढा राहील, तेवढा. गुरुजींनी विचारलं, हा केस कायच्या कामाचा? मी म्हटलं, रेडिओत तो ट्रान्झिस्टर असते ना, तसे यातून करायचे म्हणते माझं पोट्टं, पण मुंगीच्या डोळ्यात मावतील एवढे. तांब्याची तार वीज आली की जाऊ देते. हा केस मनात आलं तर जाऊ देते, नाही तर अडवते. तू मले हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, म्हणजे तुझ्या तिगावच्या आत्यासारखं, दार उघडणं तिच्या मर्जीवर. तू किती हसला होता गा.

गुरुजींनी पेन थांबवलं. विचारून राहिले, आजी, एवढं सांगितलं, पण मनोहरले म्हणायचं काय आहे?

म्हणायचं होतं ते झालं.

डोळा कसा आहे, ते तू विचारशील. पांढरा आहे.

तुझी आजी


सौंसर
१० फेब्रुवारी १९८७

मनोहर,

तुझं उत्तर आलं. गुरुजींनी उघडलं, वाचलं आणि मागचं पान पालटून पाहिलं, मागं काही नव्हतं. एवढंच होतं, 'आजी, मी ठीक आहे. तू कोणाला काही लिहून देऊ नकोस. समितीपुढं काय बोलायचं ते मी पाहतो.' गुरुजींनी चष्मा काढला. म्हणाले, 'काही म्हणजे काय हो आजी?' मी म्हटलं, 'त्याची लहानपणची सवय आहे, अर्धं बोलते.'

म्हून आज सौंसरची बस धरली. घरी सांगितलं, गुडघ्याचं औषध आणते. तहसिलीसमोर अर्जनवीस बसतात, लोकांचे अर्ज लिहून देतात. ज्याच्यापुढं गर्दी नव्हती त्याच्यापुढं बसली. त्याचं नाव विचारलं नाही, माझं त्यानं विचारू नये असं सांगितलं. तो दोन कागदांच्या मधात काळा कागद घालून राहिला होता. म्हटलं, 'काढ बाप्पा तो. मले याची दुसरी प्रत नको.'

आता ऐक. तुले ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐक.

नाव ठेवायच्या दिवशी सकाळी मी काजळ धरायले बसली. एरंडेलाचा दिवा, तीन विटा, वर पितळी थाळी, थाळीवर ओला फडका. पन्नास वर्षं धरून राहिली. आपल्या गल्लीत कोणाच्या घरी लेकरू झालं तर माझ्याच दारी डबी येते. तुझ्या आजोबाचा एक डोळा पोळ्यानंतर नदीवर दगड मारतात त्या गोटमारीत गेला होता. तो म्हणायचा, तुझं काजळ घालून मले एकाच डोळ्यानं तुझे दोन्हीकडचे दोष दिसतात. तर ते काजळ.

त्या दिवशी माझा हात हलला. वात मोठी झाली, मले धड दिसलं नाही. फडका वाळून गेला आणि थाळी तापली. काजळ निघालं ते राखेसारखं, करपलेलं, बोटाले खडे लागत. दुसऱ्यांदा धरायले वेळ नव्हता. बाहेर बाया येऊन बसल्या होत्या. इंदूनं सगळ्यांले सांगून ठेवलं होतं, बाजारची डबी आणू नका, आमच्या आजीचंच काजळ घालायचं.

कोनाड्यात तुझी शिशी होती.

त्याच्या आदल्या दिवशी तू ती मले दाखवली होती. उजेडात धरली आणि म्हटलं, 'आजी, ही एकाहत्तरावी खेप. सत्तर वेळा नुसती काजळी निघाली. मग तुझा ओला फडका आठवला. वाफेत पाण्याचा अंश सोडला आणि केस उगवले. ही गरम केली की जास्त वीज जाऊ देते, तारेच्या उलटं. म्हणजे मले पाहिजे तेच आहे. सोमवारी नागपूरले मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली नेतो.' आणि वरून म्हटलं, 'तुझ्या काजळापेक्षा बारीक आहे, हाव ना?' मी तुले टपली मारली. पण ते शब्द मले लागले. खरं सांगते. पन्नास वर्षांत मले कोणी असं म्हटलं नव्हतं.

मी शिशी उघडली. बोटावर घेतली. मनोहर, खरंच बारीक होती. बोटाले लागतच नव्हती. मी स्वतःले म्हटलं, फडक्याची अक्कल माझी, म्हणजे अर्धी ही माझीच आहे. चिमूट चिमूट करून निम्मी काढली, तुपात घोटली, डबीत भरली आणि बाहेर येऊन म्हटलं, 'घ्या बायांनो, आजीचं काजळ.' बाया म्हणाल्या, 'वा आजी, यंदा त लयच मऊ उतरलं.' आणि मी हसली. हाव. मी हसली.

पोरीच्या उजव्या डोळ्यात बोट फिरवलं आणि ती अशी ओरडली की माझं दुसरं बोट तिथंच थांबलं. डावा डोळा त्यामुळं वाचला, माझ्यामुळं नाही.

ती भुकटी तू तेजाबात धुतली होती, त्याचा अंश राहिला असेल, हे मले मागाहून कळलं. केस पण टोकदार होते म्हणे. मले काय ठाऊक? पण ठाऊक नव्हतं म्हून मी सुटत नाही. विचारायचं होतं. तू दहा हातांवर बाहेर चटया टाकून राहिला होता. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर थाळी जळाली हे सांगावं लागलं असतं.

आणि तू नागपूरहून परत आला, पोरीकडे पाहिलं, डबीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वळून सगळ्यांले म्हटलं, 'मी मिसळली. आजीले ठाऊक नाही.' डॉक्टरले तेजाबाचं, लोखंडाचं सगळं खरं सांगितलं, फक्त हात बदलला. मी तिथंच उभी होती. तोंड उघडायचं होतं तर तेव्हाच उघडायचं होतं. तू माझ्याकडे पाहून मान अशी हलवली, की राहू दे. आणि मी राहू दिलं.

हे सगळं लिहून झाल्यावर हा अर्जनवीस म्हणतो, 'बाई, याचं प्रतिज्ञापत्र करून त्या संस्थेले पाठवा. एक अंगठा, काम झालं. पोरगा सुटते.' त्यानं शाईची डबी पुढं केली. मी अंगठा बुडवला. कागदाच्या वर आणला.

मग मले आपलं घर दिसलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली. शालिकराम मले कुठं ठेवेल? त्यानं ठेवलंच, तर इंदू मले ताट वाढताना कुठं पाहील?

अंगठा पदराले पुसला. हा माणूस माझ्याकडे पाहून राहिला. मी त्याले म्हटलं, 'हेही लिही. म्हातारी भ्याली.'

हे पत्र तू वाचून फाडशील, हे मले ठाऊक आहे. तू चांगला आहे म्हून मले भेकड राहता येते.

आजी


पांढुर्णा
४ मार्च १९८७

मनोहर,

पुन्हा गुरुजी. पुन्हा त्यांचा ओटा.

स्मिताचा डोळा काढला. नागपूरच्या दवाखान्यात, मागच्या बुधवारी. आत पू धरला होता. डॉक्टर म्हणाले, ठेवला तर दुसऱ्याले लागेल. साडेचार महिन्यांचं लेकरू, त्याले त्यांनी हिरव्या कापडात गुंडाळून आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. शालिकराम उभाच होता. गाडीत येताना त्यानं संत्री घेतली होती. ती पिशवी हातात धरून तो तीन तास उभा राहिला. कोणी म्हटलं बस, तर म्हणे, 'बसलोच आहो.'

आता तिथं पट्टी आहे. मोठी झाली की काचेचा बसवतात म्हणे. पोरगी हसते. एका डोळ्यानं हसणं मी तुझ्या आजोबाचं पाहिलं आहे, पण तो जाणता गडी होता, दगड खायले स्वतःच्या पायानं नदीत उतरला होता.

बाकावर इंदूनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाली, 'आजी, तुम्ही नसत्या तर मी वेडी झाली असती.' मग म्हणाली, 'त्याच्या पोटी पोर व्हावं आणि त्यानं पाहावं.' तुले शाप देऊन राहिली होती, आणि माझा हात धरून राहिली होती. मी तिच्या केसातून हात फिरवला. थांबवला नाही. हात थांबवला असता तर तिनं वर पाहिलं असतं.

रविवारी विहारात गेली. पंचशील म्हणताना पहिलं, दुसरं, तिसरं म्हटलं. चौथं आलं, खोटं न बोलायचं. जीभ टाळूले चिकटली. शेजारची म्हणाली, 'आजी, तब्येत बरी नाही का?' म्हटलं, 'दात दुखून राहिला.' माझ्या तोंडात दात नाहीत, हे सगळ्या विहाराले ठाऊक आहे.

तुझं दुसरं पत्र गुरुजींनी वाचून दाखवलं. तू म्हणतो, शालिकरामानं शिशीत उरलेली निम्मी चुलीत फेकली, तेव्हापासून तू तीच कृती अकरा वेळा केली, तोच कापूर, तेच पाणी, आणि निघाली ती काजळीच. तू म्हणतो, सूक्ष्मदर्शकाखाली ते केस आतून पोकळ दिसले होते, नळीसारखे, असं कोणी पाहिल्याचं तुझ्या साहेबांच्या ऐकिवात नाही, आणि आता दाखवायले एक कण नाही. तू म्हणतो, समितीपुढं सगळं कबूल करून त्याच दिवशी राजीनामा देतो आणि कुठं तरी गणिताचा मास्तर होतो. शेवटी लिहिलं, 'मला आता भट्टीचा वास सहन होत नाही.'

हे गुरुजींनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हळू वाचलं.

मग पेन टेकवून ठेवलं आणि म्हणाले, 'आजी, आज मी बायकोले काहीच सांगणार नाही.' मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं. मनोहर, ह्या माणसानं तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. कोणी कोणाचं उतरवलं, ते त्याले अक्षर न पाहता कळते.

मी म्हटलं, 'पत्ता तोच लिहा.'

सोळा तारखेले बारा दिवस आहेत. पुण्याले पत्र पोचायले चार लागतात. मले लिहिता येत नाही, पण बोटं मोजता येतात.

आजी


पांढुर्णा
९ मार्च १९८७

मनोहर,

आज इंदू लिहून राहिली.

मी तिले म्हटलं, तुझ्या समितीले पाठवायचं आहे. ती लगेच बसली. मांडीवर पाट, पाटावर कागद. तिले वाटते, मी तुझ्याविरुद्ध सांगणार. सोळाच्या आत पोचलं पाहिजे, हे तीच म्हणाली. मी तिले म्हटलं, पोरी, जसं बोलते तसंच लिही. शब्द खाऊ नको. मी म्हटलं थांब, तर थांब हेही लिही.

हे पत्र मनोहरले आहे आणि समितीलेही आहे. पण सांगून राहिली मी इंदूले.

काजळात ती भुकटी मनोहरनं मिसळली नाही. मी मिसळली. त्याच्या शिशीतून, त्याले न विचारता.

आजी म्हणते, लिही.

माझं काजळ त्या दिवशी करपलं होतं. बायांपुढं हसं होईल म्हून मी त्याची भुकटी माझी म्हून घातली. त्याले ठाऊकच नव्हतं. माझ्यासाठी तो खोटं बोलला आणि मी त्याले बोलू दिलं. एवढं मी सौंसरले एका परक्या माणसाच्या हातून लिहून घेतलं होतं, आणि अंगठा न देता पळून आली होती.

आजी म्हणते, थांबू नको इंदू, अजून आहे.

हे पुढचं मनोहरलेही ठाऊक नाही. रविवारी काजळ घातलं. मनोहर मंगळवारी सांजेले परत आला. त्या दोन दिवसांत पोरगी रडून राहिली, डोळा उघडत नव्हती. इंदू, तू चारदा विचारलं, आजी, डॉक्टरले दाखवू का? मी चारही वेळा म्हटलं, नवं काजळ झोंबतेच, उतरेल. तू पहिलटकरीण, तू माझं ऐकलं. मले रविवारीच कळलं होतं की हे झोंबणं नाही. मी रात्री उठून तिचा डोळा ओल्या कापसानं पुसला, कापसावर काळ्यासोबत रक्ताची रेघ आली. तो कापूस मी चुलीत टाकला आणि सकाळी पुन्हा म्हटलं, उतरेल. डॉक्टरकडे नेलं असतं तर त्यानं विचारलं असतं, काय घातलं. नागपूरचा डॉक्टर म्हणाला ना, पहिल्या दिवशी आणली असती तर डोळा राहिला असता? तू त्याच्यापुढं कपाळ बडवून घेतलं, की मी आई असून मले कळलं नाही. तुले कळलं होतं पोरी. तुले कळलं होतं आणि मी तुले चारदा परत

* * *

१० मार्च

भाऊजी,

वरची ओळ अर्धी आहे कारण मी उठली. आजी 'लिही' म्हणत होत्या, मी लिहिलं नाही. आता त्यांच्या शब्दांत ती पुरी करत नाही. 'परत पाठवलं' असं काही तरी म्हणाल्या.

मी आतल्या खोलीत जाऊन बसली. स्मिता झोपली होती. तिच्या पट्टीची बाजू भिंतीकडे होती, तेवढ्यापुरती ती पहिल्यासारखी दिसली. बाहेर आली तेव्हा आजी तिथंच होत्या, पाट तसाच त्यांच्यासमोर. पेन उचलून दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, जशी कोणाची वस्तू सांभाळावी.

मले म्हणाल्या, 'तू नाही लिहिलं तर मी गुरुजींकडे जाते. पण तुझ्या हातून व्हावं असं मले वाटलं. का वाटलं ते विचारू नको, त्यात पण माझाच स्वार्थ असेल.'

समितीचा कागद मी वेगळा लिहिला आहे, सोबत जोडला. त्यात दोन्ही गोष्टी आहेत, तुम्ही मिसळली नाही आणि दोन दिवस कोणी लपवले. खाली आजीचा अंगठा आहे, आमच्या यांच्या ऑफिसातल्या शाईचा. त्याखाली मुलीची आई म्हून माझी सही आहे. यांनीही सही केली आहे आणि आपला अर्ज मागं घेतो असं लिहिलं आहे. हे पाकीट आज रजिस्टरनं टाकते. तुम्ही समितीपुढं वेगळं काही बोलू नका. बोलले तर आमचा कागद खोटा पडेल, आणि या घरात आता आणखी एक खोटं मले उचलवत नाही.

यांनी कागद वाचला. हात धुवायले गेले आणि खूप वेळ नळ चालू होता. मग म्हणाले, 'तिले तिगावले आत्याकडे पोचवून दे.' तुमच्याबद्दल मी विचारलं, मनोहरले काय लिहू? म्हणाले, 'मी मारलं ते लिही.' ते तुम्हाले ठाऊकच आहे. त्यांले एवढंच म्हणता आलं.

मी तुम्हाले शाप दिला होता. तो परत घेते. त्यानं काय होते, ठाऊक नाही, पण घेते. राग गेला असं समजू नका. तुम्ही त्या दिवशी खरं बोलले असते तर डोळा वाचला नसता, हे मले कळते. पण मी चार महिने ज्या मांडीवर डोकं ठेवून रडली, ती कोणाची होती ते मले तेव्हाच कळलं असतं. ते तुम्ही माझ्यापासून घेतलं. तुम्ही चांगल्या मनानं घेतलं, पण तुमचं गेलं ते मले भरून देता येत नाही, आणि माझं गेलं ते तुम्हालेही देता येत नाही.

तुमचं भट्टीचं काम मले समजत नाही. आजी म्हणतात, बाराव्यांदा करून पाहा. त्यांचं म्हणणं लिहून देते, माझं म्हणून नाही. त्या म्हणतात, फडका ओला ठेवायचा म्हणजे एकदा भिजवून नाही, वाळला की पुन्हा भिजवायचा, शेवटपर्यंत. तुम्ही एकदाच पाणी सोडून नळी बंद करत असाल. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. त्यांनी हातानं दाखवलं, कसा फडका पिळायचा, आणि मग हात खाली ठेवला.

आज सकाळी मी त्यांले गाडीत बसवून आली. एक गाठोडं आणि लुगड्याच्या दोन घड्या. स्मिताले मी शेजारणीकडे ठेवलं होतं. फलाटावर त्यांनी दोनदा विचारलं, 'पोरगी?' मी म्हटलं, झोपली आहे. जागी होती.

गाडी हलली तेव्हा त्या खिडकीतून म्हणाल्या, 'इंदू, मनोहरचं उत्तर आलं तर.' पुढचं ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी म्हटलंच नाही.

तुम्ही उत्तर लिहा. तिगावच्या पत्त्यावर लिहा. आत्याच्या घरी वाचता येणारं कोणी नाही, ते तुम्हाले ठाऊक आहे. पांढुर्ण्याहून तिगाव फार लांब नाही, हेही तुम्हाले ठाऊक आहे. मी जाऊन वाचून दाखवीन, असं मले आज म्हणवत नाही.

इंदू